दगडाला कळी आली तेव्हा

काकांचं सगळं बरोबर होतं, फक्त पत्ता चुकला होता. वाळवंटात जन्माला यायच्या लायकीचा हा माणूस वुडलँड्सच्या एका फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावर, विषुववृत्ताच्या अगदी कुशीत निवडुंग वाढवत बसला होता. सिंगापूरची हवा ज्यांनी खाल्लेली नाही त्यांना यातला वेडेपणा कळायचा नाही. इथे पापड तळून ताटात वाढेपर्यंत त्याची घडी घालता येते. मीठ ओलं होऊ नये म्हणून बरणीत तांदूळ टाकावेत, तर तांदळाला मोड येतात. माझ्या कपाटातल्या कोटाच्या खिशात एकदा अळंबी उगवली होती. मी ती भाजीत घालणार होतो, पण काका म्हणाले, "माझ्या घरात उगवली आहेत. निम्मी माझी."

अशा हवेत निवडुंग आतून सडतो. बाहेरून हिरवागार, ठणठणीत, आणि एके दिवशी बोट लावावं तर बोट सरळ आत जातं. काकांकडे असे शंभरावर निवडुंग होते, आणि त्यातल्याच एकाच्या काट्याने त्यांचा पाय नेला. आधी पाय आणि मग काका. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण मला गोष्ट फुगवून सांगायची खोड आहे आणि लोक ऐकता ऐकता हसायला लागतात. हसा खुशाल. पण पाय लक्षात असू द्या.

खोली बघायला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी विद्यापीठात प्लास्टिकवर संशोधन करत होतो. विद्यापीठ बेटाच्या एका टोकाला, वुडलँड्स दुसऱ्या. सकाळी गुळगुळीत दाढी करून निघालेला माणूस पोचेपर्यंत साधू व्हायचा. पण भाडं परवडणारं होतं. काकांनी मला खोली दाखवलीच नाही. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले.

"घाम फार येतो का रे?"

"येतो थोडा."

"मग मधल्या खोलीत मी बोलावल्याशिवाय यायचं नाही. ओल वाढते."

एवढ्यावर मुलाखत संपली आणि मी भाडेकरू झालो.

फ्लॅटमध्ये तीन खोल्या. एक काकांची, एक माझी आणि मधली निवडुंगांची. एसी फक्त मधल्या खोलीत. माझ्या खोलीत पंखा होता, तोही बिचारा स्वतःपुरताच वारा घेत असावा. एकदा मी धीर करून म्हणालो, "काका, माझ्याही खोलीत एखादा एसी..."

"हे बघ डॉक्टर, तू कोल्हापूरचा. तुला उकाड्याचं काय कौतुक? ही मंडळी मेक्सिकोहून आलेली. परमुलखात पाहुण्यांचे हाल करायचे का?"

"मीही परमुलखातच आहे, काका."

"तू पाहुणा नाहीस. भाडेकरू आहेस."

'डॉक्टर' म्हणायचे ते काही आदराने नव्हे. कुणी आलं की माझी ओळख ठरलेली: "हा आमचा डॉक्टर. प्लास्टिकचा. आपल्याला काही झालं तर उपयोग शून्य. बादली फुटली तर मात्र हाक मारा."

काका उंच, वाळलेले, पांढऱ्या खुंटांची दाढी, अंगात खिशाची बंडी आणि त्या खिशात कायम एक चिमटा. आयुष्यभर एका वित्तसंस्थेत लोकांच्या चुका काढायचं काम केलेलं. निवृत्त झाल्यावर चुका काढायला माणसं उरली नाहीत, तेव्हा ते देवाकडे वळले आणि त्याची पहिलीच मोठी चूक त्यांना सापडली: सिंगापूरचं हवामान. ती दुरुस्त करायला त्यांनी कंबर कसली. निवडुंगांना त्यांनी आपल्या जुन्या साहेबांची नावं दिली होती. म्हणजे नावं नव्हे, हुद्दे. "हा हाँगकाँगचा साहेब. वरून लोकर, आतून काटे. हा मुंबईचा. रुंदी वाढली, उंची नाही. आणि ही लंडनची बाई. काही न करता हिला फुलं येतात."

सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे निर्जळी. निवडुंगाला फूल हवं असेल तर त्याला आधी गारठा द्यावा लागतो आणि तहान द्यावी लागते. मग कुठे त्याला जिवाची भीती वाटते आणि तो कळी धरतो. आता विषुववृत्तावर हिवाळा आणायचा कुठून? तर काका तो मधल्या खोलीत रिमोटने आणायचे. ठरलेल्या दिवसापासून एसी खाली, पाणी बंद. काका त्याला चातुर्मास म्हणायचे. त्या काळात मधल्या खोलीतून बाहेर येणारी हवा इतकी थंड असायची की मी दाराच्या फटीपाशी उशी टाकून झोपायचो आणि काका मला ओलांडून जायचे.

झाडांना असा कडक उपास घडवणारा हा माणूस स्वतः मात्र जिलबीवर जगायचा. साखरेचा रोग जुना, आणि जिलबी लपवायची जागा म्हणजे कुंड्यांत घालायच्या खडीची पिशवी. त्यांची मुलगी मेधाताई मरीन परेडला राहायची. सिंगापुरातच शिकलेली, त्यामुळे तिचं मराठी मध्येच ट्रेन बदलल्यासारखं इंग्रजीत जायचं. रोज संध्याकाळी तिचा फोन.

"बाबा, शुगर किती आली?"

"छान आली."

"छान इज नॉट अ नंबर, बाबा."

"तुझ्या आईला चालायचं."

काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या. मधली खोली मूळची त्यांची. भिंतीवर त्यांचा देव्हारा होता, तो काकांनी हलवला नव्हता. खरं म्हणजे निवडुंग त्या खोलीत यायचेच नव्हते. ते पूर्वी दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ओळीने उभे असत, ऊन खात. पण शेजारच्या चिनी आंटींना ते सहन होईना. टोकदार वस्तू घराकडे रोखलेली असली की घरातलं भलं बाहेर गळून जातं, असं त्यांच्यात मानतात.

"अंकल, तुझ्या सगळ्या सुया माझ्या दाराकडे बघतात! माझं नशीब पंक्चर झालं, लाह!"

"आंटी, ते सूर्याकडे बघतात. तुमच्याकडे कशाला बघतील?"

"नवऱ्याचा गुडघा गेला. फ्रीज गेला. मुलगा लग्नाला नाही म्हणतो. सगळं तू आणलेल्या झाडांनंतर!"

काकांनी सगळ्या कुंड्या अर्ध्या फिरवल्या आणि काटे लिफ्टकडे केले. त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. आंटी नऊ मजले चढून आल्या, काकांसमोर उभ्या राहून दमल्या आणि आत गेल्या. पुढे एक अधिकारी आला आणि कॉरिडॉर मोकळा ठेवायचा असतो असं गोड आवाजात सांगून गेला. मग शंभर निवडुंग घरात आले, आणि ऊन येईल अशी खिडकी एकाच खोलीला होती: काकूंच्या.

इथेच पायाचं सगळं ठरलं. देव असलेल्या खोलीत चपला कशा घालायच्या? काका देव मानत नव्हते. बाप्पाची मूर्ती पुसताना ते मूर्तीलाच म्हणायचे, "तू आहेस असं माझं म्हणणं नाही." पण चप्पल नाही म्हणजे नाही. "ही मानायची ना. तिच्या खोलीत चप्पल घालून हिंडलो तर बरं दिसेल का?" म्हणजे जमिनीवर गळलेले काटे, आणि त्यात हे रोज सकाळी अनवाणी, बोटाने कुंड्या वाजवत, नाकाने सड हुंगत फिरणार. साखरेच्या माणसाने घरातही पायात काहीतरी घालावं, असं दवाखान्यात त्यांना शंभरदा सांगितलं होतं. एकदा मी बरोबर होतो. तिथल्या नर्सने त्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, तळपायाला बारीक दोरा टेकवते, कळलं की 'यस' म्हणा. तिने दोरा हातात घ्यायच्या आधीच काका सुरू झाले: "यस. यस. यस." नर्स दोरा शोधत होती आणि हे पास होत होते.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काका, तिने हातच लावला नव्हता."

"मग? परीक्षेत गप्प बसायचं का?"

फूल येणार असलं की घरात बघण्याचा कार्यक्रम असायचा. अगदी मुलगी बघण्याचा असतो तसा. आदल्या दिवशी निमंत्रणाचे फोन, सकाळी पोहे, वर खोबरं-कोथिंबीर, बशीत लिंबाची फोड. पाहुण्यांनी हॉलमध्ये बसायचं, घाम पुसायचा, फोन दारातल्या पातेल्यात टाकायचे. "फोटो काढला की डोळे सुट्टीवर जातात," हे काकांचं मत. मग तिघातिघांना आत बोलावणार. आत गेल्यावर बोलायचं नाही. "त्याला एक दिवस आहे. तुम्हाला बोलायला आख्खा जन्म पडलाय."

एका रविवारी एक मोठे बँकवाले आणि त्यांची बायको आली होती. आणि नेमकं आभाळ भरून आलं. त्या जातीच्या निवडुंगाचं फूल ऊन असल्याशिवाय उघडत नाही. दहा वाजले, अकरा वाजले. पोहे झाले, पुन्हा पोहे झाले, मग पोहे संपून उपमा झाला. काकांनी टेबललॅम्प लावला. आरसा आणून उजेड कळीवर पाडला. शेवटी कळीसमोर मांडी घालून बसले आणि समजावू लागले, "असं करू नये. लोक लांबून आलेत." बँकवाले कंटाळून हसले आणि म्हणाले, "मुलगी लाजते वाटतं."

काकांनी मागे न बघता सांगितलं, "तुमची पसंती विचारलेली नाही."

दुपारी ढग फाटले. ऊन एकदम खिडकीतून आत आलं आणि आमच्यासमोर ती कळी सुटत गेली. सुपारीएवढं झाड आणि त्यावर बशीएवढं फूल. थोडं वाढवून सांगतोय. पण फूल झाडापेक्षा मोठं होतं ही शपथेवर सांगायची गोष्ट. पाकळ्या रेशमासारख्या, पिवळ्या, आणि मधोमध तांबडा गळा. इतका वेळ भिंतीला टेकून उभे असलेले बँकवाले हळूच खाली बसले. मी काकांकडे बघितलं. ते फुलाकडे बघतच नव्हते. ते एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ लहान मुलासारखे किंचित उघडे होते.

असा हा मऊ माणूस, पण सड दिसली की खाटीक. हाँगकाँगचा साहेब बुडाला मऊ लागला त्या दिवशी मी होतो. काकांनी वर्तमानपत्र पसरलं, सुरी स्पिरिटने पुसली, मला जाड हातमोजे दिले आणि म्हणाले, "धर घट्ट." मग काकडी कापावी तशा बुडाकडून चकत्या. पहिली चकती तपकिरी. दुसरी तपकिरी. पुढे पुढे पांढरी दिसायला लागली, मला वाटलं सुटलो. काकांनी चकती उजेडात धरली. मधोमध एक पुसट तपकिरी ठिपका.

"काका, एवढासा तर आहे. राहू द्या ना."

"राहू द्या म्हणूनच मरतात सगळे. माया केली की गेलं."

आणि कापत गेले. हातभर साहेबाचा वीतभर साहेब झाला, वीतभराचा मूठभर. अखेर एक चकती निखळ पांढरी निघाली तेव्हा हातात लिंबाएवढा शेंडा उरला होता. काकांनी त्याच्या जखमेला दालचिनीची पूड लावली, बशीत ठेवला आणि म्हणाले, "आता याला विसरायचं. वाळू दे. मग खालून मुळं फुटतात." फुटलीही. तो साहेब अजून आहे. सध्या माझ्याकडे आहे.

त्या खोलीतलं सगळ्यात दरिद्री झाड म्हणजे दगड. त्याला काटे नव्हते. हिरवेपणाही नावालाच. जमिनीसरशी बसलेला, भेगाळलेला, राखाडी. येणारे जाणारे त्याला गोवरी समजायचे. मेधाताई प्राथमिक शाळेत असताना काकांनी त्याचं बी पेरलं होतं. तेवढ्या वर्षांत ती शिकली, लग्न झालं, मरीन परेडला गेली, आणि दगड तळहाताएवढा झाला. फूल कधी नाही. "याच्या जातीला घाई नसते," काका म्हणायचे. मेधाताईला त्याचा राग होता. "बाबांनी माझ्या एका ग्रॅज्युएशनला सुट्टी नाही घेतली. याची माती बदलायला घेतली."

आणि त्या वर्षी, निर्जळी सुटल्यावर, दगडाच्या मधोमध कापसासारखी लोकर असते, तिच्यात काहीतरी गुलाबी दिसलं. मोहरीएवढं. काकांनी ते मला भिंगातून दाखवलं, मग स्वतः बघितलं, मग भिंगच पुसलं, मग पुन्हा बघितलं. त्या दिवशी जिलबी उघड्यावर खाल्ली गेली.

त्याच दिवसांत मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी मला जमिनीवर लाल ठिपके दिसले. "काका, हे काय?"

काकांनी लांबूनच मान वळवली. "कुंकू सांडलं असेल. पूजा करताना हात हलतो हल्ली. पाय लावू नकोस."

पाय आधीच लागला होता. म्हणून मी वाकून त्या ठिपक्यांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू, तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये कुंकू. घरातले दोन शिकलेले मराठी पुरुष रोज ते ठिपके ओलांडत होते, आणि एक तर हात जोडून ओलांडत होता. शेवटी काका वर्तमानपत्र घ्यायला कॉरिडॉरमध्ये गेले आणि आंटींची किंकाळी ऐकू आली.

"अंकल! रक्त! तुझा पाय रक्त!"

काका म्हणाले, "रेड पावडर, आंटी. फॉर गॉड."

"कसला गॉड! वास येतो!"

आंटींनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसून पाय उचलला. बोटांच्या मुळाशी, चवड्यावर भोक होतं. काळपट, कडेने पिवळं. शंभर कुंड्यांतली सड हुंगून ओळखणारा माणूस स्वतःचा तळपाय किती दिवस असा घेऊन फिरत होता कुणास ठाऊक. आतला काटा तुटून तिथेच होता. मेधाताई टॅक्सीने आली. तिने पाय बघितला आणि एकही वाक्य पूर्ण केलं नाही, ना मराठीत ना इंग्रजीत.

इस्पितळात सर्जन बाईंनी सांगितलं, दोन बोटं काढावी लागतील, लगेच. काकांनी कारणं काढायला सुरुवात केली. कळी आहे. गणपती येतायत. मेधाचं ऑफिस आहे. डॉक्टरचा प्रबंध आहे. माझा कसला प्रबंध? तो कधीच संपला होता. एवढी कारणं ऐकून मला उशिरा कळलं की हा माणूस घाबरलाय. दुसरं काही नव्हतं. चकत्या करताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, त्याचा आता चादरीवर थरथरत होता, आणि ते तो चादरीखाली लपवत होता.

अखेर एका अटीवर तयार झाले. दगडाकडे मी बघायचं. एसी किती, खिडकीची काच कधी पुसायची, पडदा कधी, सगळं मला तोंडपाठ म्हणून घेतलं. मी विद्यापीठात गेलो की दुपारी आंटी यायच्या. काट्यांना पाठ करून, डोळे दगडावर ठेवून बसायच्या. कळी मोहरीची मटाराएवढी झाली, मग टोक धरलं. मी रोज इस्पितळात जाऊन सांगायचो. तो पंख्यांचा वॉर्ड होता. काका पंख्याखाली घामाने भिजत पडलेले आणि दगड एसीत. पण कळीचं ऐकताना त्यांचा चेहरा निवायचा.

बोटं गेली, पण सड थांबली नाही. सर्जन बाई परत आल्या. आता गुडघ्याखाली. उद्या सकाळी. वाट बघितली तर विष अंगभर जाईल, हे त्यांनी मेधाताईला इंग्रजीत सांगितलं आणि तिने काकांना मराठीत सांगायचा प्रयत्न केला.

काका म्हणाले, "सोमवारी. आधी घरी जाऊन फूल बघून येतो. मग कापा."

"बाबा, सोमवारपर्यंत..."

"सही मी करायची आहे ना? सोमवारी."

मी म्हणालो, "काका, तुम्हीच म्हणता ना, माया केली की गेलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मला त्यांच्या नजरेची भीती पहिल्यांदाच वाटली. "ते झाडाचं, डॉक्टर. झाड कापलं की खालून मुळं फुटतात. मला काय फुटणार आहे?"

मी वॉर्डाबाहेर आलो. मेधाताई मागोमाग आली. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, जी मी सकाळपासून खिशात घेऊन हिंडत होतो. खरोखर खिशात. रुमाल उघडून दाखवली. दगडाची कळी. सकाळी काच पुसायला गेलो तर ती लोकरीत आडवी झाली होती, हात लावला तर हातात आली. आतून कोरडी ठाक. एसी बरोबर होता, काच बरोबर होती, ऊन बरोबर होतं. ती आपली सुकली.

मेधाताईने ती दोन बोटांत धरली. "हे बघायला बाबा सोमवारपर्यंत थांबणार?"

"सांगू का त्यांना?"

"सांगितलं तर म्हणतील पुढच्या वर्षी येईल. ही विल वेट फॉर नेक्स्ट इयर, यू नो माय फादर." ती भिंतीला टेकली. "सांग की उघडलं. झालं. आता बघायला काही नाही. तुला एरवी सगळं वाढवून सांगता येतं ना? आज सांग."

आम्ही आत गेलो. मी स्टूल ओढलं.

"काका, उघडलं."

"कधी?"

"काल. दहाच्या सुमाराला ऊन आलं आणि सुटत गेलं. तुम्हाला काल सांगणार होतो, पण तुम्ही झोपेत होता."

"आणि आता?"

"मिटलं."

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "सांग."

मी सांगायला लागलो. गुलाबी, पण आपण म्हणतो तसला नाही. पहाटे आभाळाच्या कडेला असतो आणि बघेपर्यंत जातो तसला. दगड दिसेनासा झाला इतकं मोठं. आत केशराच्या काड्यांसारखे पुंकेसर, आणि ऊन पडल्यावर ते सगळे मिळून हलले. खोलीत त्याचा उजेड पडला, बाप्पाच्या मूर्तीवरसुद्धा. आंटी तोंडावर हात धरून उभ्या होत्या, आणि मला म्हणाल्या, अंकलला सांग, हे झाड माझ्या दारासमोर ठेवलं तरी चालेल.

काकांच्या ओठाचा कोपरा हलला. "आंटी म्हणाल्या?"

"शपथ."

"आणि वास?"

मी तोवर इतका भरात होतो की श्वासही घेतला नाही. "मोगऱ्यासारखा. हॉलपर्यंत येत होता."

काकांनी डोळे उघडले.

"या जातीला वास नसतो, डॉक्टर."

वरचा पंखा फिरत होता. मेधाताई खिडकीतून खाली बघत होती आणि वळली नाही. काका पलंगाच्या पायथ्याकडे, चादरीखालच्या त्या उंचवट्याकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "मेधा, त्या बाईंना बोलाव. म्हणावं, उद्या सकाळी चालेल."

ती बाहेर गेली. काकांनी चादरीखालून हात काढला, थरथरणारा, आणि तसाच उघड्यावर राहू दिला. पुन्हा डोळे मिटले.

"मोगऱ्यासारखा," ते म्हणाले. "बरं. पुढे?"

मी पुढे सांगितलं.